खडूची सरळ रेघ

जिन्यातून शीळ ऐकू आली आणि आईचा पेला विसळणारा हात नळाखालीच थांबला. पाणी पेल्यातून भरभरून वाहत राहिलं.

"ऐकलंस?" आई म्हणाली.

तिची मुलगी बटण आरशासमोर केस विंचरत होती. तिनं ऐकलं होतं, पण फणी खाली ठेवली नाही. फणी खाली ठेवली असती तर ऐकल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं.

"रस्त्यावरचं कोणी असेल."

"रस्त्यावरचा माणूस आपल्या जिन्यात येऊन कशाला शीळ घालेल? तुझे बाबाच ते." आईनं नळ बंद केला. "आज पहाटे अंथरुणात नव्हते. कालही नव्हते. मी कूस बदलली तर शेजारी नुसती उशी. बाहेरच्या खोलीत दिव्याखाली काहीतरी करत बसले होते. मी गेले तर कागद उलटे घातले."

"गोळ्या?"

"माझ्यासमोर तोंडात टाकल्या. गिळल्या की नाही ते देव जाणे."

शीळ खालच्या मजल्यावर पोचली, दारातून बाहेर पडली आणि रस्त्याच्या आवाजात मिसळून गेली. मायलेकी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. दुसऱ्या एखाद्या घरात बाप शीळ घालत कामाला गेला असता, तर कोणी मान वर करूनही पाहिलं नसतं. या घरात मात्र शीळ वाजली की दोघींच्या हातातली कामं थांबायची.

बटणाचे वडील शिंप्याच्या दुकानात कापड बेतायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिवणारे दुकानात पुष्कळ होते. पण अखंड कापडावर पहिला खडू ओढायचा आणि पहिली कात्री चालवायची, तो मान मास्तरांचा. एकदा कात्री चालली की चालली, उसवून दुरुस्त करता येतो तो टाका, काप नव्हे, असं ते म्हणायचे. मुलगी झाली तेव्हा तिला हातात घेऊन "अगदी बटणाएवढी आहे हो," म्हणाले आणि तेच नाव तिला चिकटलं. ती आता नोकरीला लागणार होती, छापखान्यात मुद्रितं तपासायला, तरी घरात आणि दुकानात ती बटणच.

मागच्या वेळीही सुरुवात शिळेनंच झाली होती. बटण तेव्हा शाळेत होती. मुळात मास्तर अबोल. दोन वाक्यांत दिवस काढणारा हा माणूस अचानक गाऊ लागला, जिन्यात भेटेल त्याच्या खांद्यावर हात टाकू लागला, तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं. आईसुद्धा खुलली. मग झोप गेली. मग त्यांनी अंगातला कोट काढून टपालवाल्याला घातला, कारण तो त्याला 'जास्त शोभतो'. आणि मग बसचालकांच्या गणवेशाचे तागे दुकानात येऊन पडले.

त्यातलं सगळं कापड मास्तरांनी न झोपता, न बसता बेतून टाकलं. एकेक काप असा की बघत राहावं. फक्त सगळे कोट एकाच मापाचे होते. मालक धावत आले तर मास्तर टेबलावर उभे. "मालक, आपण आजवर फसलो! सगळी माणसं एकाच मापाची असतात. फरक असतो तो श्वासाचा. श्वास सारखा करा, कोट आपोआप बसेल!" पुढे मालक हे सांगताना हसायचे, पण थोडं ओशाळून. "खोटं कशाला सांगू? पाच मिनिटं मलाही पटलं होतं हो!"

आई कात्री काढून घ्यायला गेली. मास्तरांनी तिला मारलं नाही, ढकललंही नाही. नुसता हात मागे ओढला. आईच्या अंगठ्यापासून तळव्यापर्यंत काप गेला. मास्तरांनी कापडावर सांडलेलं रक्त बघितलं आणि मान डोलावून म्हणाले, "अस्तर लालच घेऊ. खुलून दिसेल."

बटण तेव्हा दारात उभी होती. ते वाक्य तिला पुढे कधीच विसरता आलं नाही.

त्यानंतर इस्पितळ आणि मग तो दुसरा काळ. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. सदऱ्याचं कुठलं बटण आधी लावायचं हे ठरवता न आल्यानं सकाळची दुपार व्हायची. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. "आपल्या आनंदाला वर छप्पर असतं, दुःखाला खाली जमीन असते," त्या म्हणाल्या. "यांचं कधी छप्पर उडतं, कधी जमीन खचते. यात त्यांचा दोष नाही आणि तुमचाही नाही. मुळापासून जाणारं दुखणं नाही हे, पण आवरता येतं. रोज गोळ्या, वेळेवर रक्ततपासणी आणि झोप."

"पण बाई, माणूस खूश कधी आणि आजारी कधी, हे ओळखायचं कसं?" आईनं विचारलं होतं. तिच्या हाताला तेव्हा पट्टी होती.

डॉक्टरीणबाईंनी त्या पट्टीकडे पाहिलं. "मलाही दर वेळी ओळखता येत नाही. तुम्ही झोपेवर लक्ष ठेवा. झोप सहसा खोटं बोलत नाही."

पुरते सावरल्यावर मास्तरांनी एक दिवस दोघींना समोर बसवलं आणि कात्री मध्ये ठेवली. काळ्या मुठीची, कोपरापर्यंतच्या हाताएवढी लांब.

"पुन्हा तसं झालं तर मला कळणार नाही. तुम्हाला कळेल," ते म्हणाले. "तेव्हा 'कात्री द्या' एवढंच म्हणायचं. मी वाद घातला तर ऐकून घ्यायचं नाही. तेव्हा माझ्याइतकं पटवून बोलणारा दुसरा कोणी नसतो. मालकांना विचारा."

"आणि दिली नाहीत तर?" आई म्हणाली.

"देईन. आत्ता शहाणा आहे तोवर शब्द देऊन ठेवतो."

तो शब्द अजून कोणी वापरला नव्हता. गोळ्यांनी मन जागेवर ठेवलं, पण हात हलवला. मास्तरांच्या बोटांना बारीक कंप सुटला. घरात त्यांचा कप अर्धाच भरायची रीत पडली. कापडावर खडू ओढला की रेघ पाण्यावरच्या सुरकुतीसारखी थरथरत जायची. मालकांनी मोठ्या टेबलावर कापड बेतायला एक तरुण, नवा कटर ठेवला. मास्तर बाजूच्या टेबलावर खिसे, अस्तरं, उशांचे अभ्रे बेतू लागले. त्याबद्दल ते घरी कधी अवाक्षर बोलले नाहीत. मायलेकी मात्र काही ना काही निमित्त काढून दुकानात जायच्या आणि टेबलावरची रेघ बघून यायच्या. रेघ हलली असली म्हणजे गोळ्या पोटात गेल्या. त्या थरथरत्या रेघेवर दोघींचा जीव टांगलेला असायचा.

"डबा घेऊन जा," आई आता म्हणाली.

"डबा तर नेलाय त्यांनी."

"मग दुसरा ने. सांग, आईनं जास्तीचं दिलंय." आईनं खरकटा हात तसाच पुसला. "बटण, तसं वाटलं तर माग हो. माझ्यानं नाही मागवणार." आणि नकळत तिनं आपला तळवा मुठीत झाकून घेतला.

दुकान कोपरा वळलं की समोरच होतं. बटणानं दार ढकललं तेव्हा शीळ चालूच होती. खिडकीपाशी बसून काजं करणाऱ्या मावशींनी मान वर केली. सुई तशीच ठेवून डोळ्यांनीच मोठ्या टेबलाकडे खुणावलं.

"आज तुझे बाबा हवेत आहेत गं," मावशी हळूच म्हणाल्या. "नवा कटर जेवायला गेला, तर त्याची जागाच बळकावली. म्हणाले, 'तासभर उसनी द्या.'"

मोठ्या टेबलावर राखाडी लोकरी कापड पसरलेलं होतं. भारी कापड, स्पर्श न करताही ऊब कळावी असं. त्यावर मास्तर वाकलेले. पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटाला बटण लावलेलं, कपाळावर घाम. बटण जवळ गेली आणि तिला रेघ दिसली.

खांद्यापासून घेरापर्यंत रेघ ताणलेल्या दोऱ्यासारखी गेली होती. कुठे कंप नाही, कुठे अडखळ नाही. बटणानं हातातला डबा टेबलाच्या कडेला टेकवला.

"आलीस? अगदी वेळेवर!" मास्तर म्हणाले. "उभी राहा. हात वर. नको, माप आहे माझ्याकडे. तुझं माप मला झोपेतही सांगता येतं. खांदा किंचित उतरता, डावा. कोणाला कळणार नाही, मी असा बेतणारय की..."

"हे कापड कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? आपलं! काल आणलं. छापखान्यात काय गोणपाट पांघरून जाणार आहेस? साहेबलोक बघत राहिले पाहिजेत. साहेब मुद्रितं बघतोय की हिचा कोट, असं झालं पाहिजे!" ते स्वतःच हसले. एका दमात एवढं बोलताना तिनं त्यांना मागे ऐकलं होतं ते एकदाच.

"बाबा, गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या की."

"बाबा, ही रेघ..."

"दिसली? तुला दिसली?" त्यांचे डोळे चमकले. "मला वाटलंच तुझ्या नजरेतून सुटणार नाही! अगं, त्याची एक गंमतच आहे. आपण आजवर उगाच..." बोलता बोलता त्यांनी कात्री उचलली. पाती उघडली आणि कापडाच्या काठाशी टेकली.

आपण आजवर. याच शब्दांनी मागच्या वेळी ते टेबलावर चढले होते. तिनं त्यांच्या चेहऱ्यात काही खूण शोधली. जो चेहरा समोर होता, तो गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेला सर्वांत सुंदर चेहरा होता. आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. चुकून मागितली तर भर दुकानात, सगळ्यांसमोर, बापाला वेडा ठरवल्यासारखं होईल. चुकून नाही मागितली तर? कात्रीची पाती मिटू लागली.

"बाबा, कात्री द्या."

मावशींची सुई थांबली. मागच्या मशीनचा खडखडाट थांबला.

"अगं, ऐक तरी," मास्तर म्हणाले. "तुला वाटतंय तसं नाहीये. हे बघ, ही बाही जरा..." त्यांनी उजव्या मनगटाचं बटण चाचपलं. आणि मध्येच थांबले.

ते लेकीकडे बघत राहिले, बेतण्याआधी कापडाकडे बघायचे तसे, डोळे बारीक करून. मग बाहीवरचा हात खाली आला. त्यांनी कात्री मिटली, पाती स्वतःच्या मुठीत धरली आणि कात्रीची मूठ तिच्याकडे केली. दुकानातल्या प्रत्येकाला कात्री अशीच द्यायला त्यांनी शिकवलं होतं.

"घे," ते म्हणाले. "सांभाळून. जड आहे."

मग त्यांनी कापडाची घडी घातली, रेघा पुसल्या जाऊ नयेत म्हणून आतल्या अंगाला. बाजूच्या टेबलाशी गेले आणि अभ्रे बेतायला घेतले. दुसरी, लहान कात्री मागायलाही त्यांनी तोंड उघडलं नाही. हातानं नुसत्या घड्या घालत राहिले.

त्या रात्री घरी आईनं कात्री कपाटात टॉवेलांखाली ठेवली आणि किल्ली उशाखाली. मास्तर वेळेवर जेवले, वेळेवर आडवे झाले. सकाळी बटणानं नजरेनंच विचारलं.

"झोपले गाढ," आई म्हणाली. "मीच टक्क जागी होते."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. निकाल हातात येईपर्यंत मास्तर दुकानात गेले नाहीत. खिडकीशी बसून राहिले. दोघींपैकी कोणी खोलीत आलं की अंग चोरायचे, पाहुण्यासारखे.

निकाल आला तेव्हा तिघेही डॉक्टरीणबाईंसमोर बसले.

"पहाटे उठून काय करत होता?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी एकदा लेकीकडे बघितलं. मग उजव्या मनगटाचं बटण काढलं आणि बाही वर केली. मनगटाला एक पट्टी बांधलेली होती. उरल्यासुरल्या कापडाची, रजईसारखे कप्पे पाडून शिवलेली. कप्प्यांत वाळू भरलेली.

"वजनानं हात कमी हलतो," मास्तर म्हणाले. "आधी फार भरली तर बोटं आखडली. मग कमी केली. कागदावर रेघा ओढून बघत होतो. पहाटे, दोघी झोपलेल्या असताना. म्हटलं, कोट झाल्यावरच दाखवू."

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल पुढे केली. पट्टी काढून मास्तरांनी रेघ ओढली. ती नेहमीसारखीच थरथरत गेली. पट्टी बांधून दुसरी ओढली, ती सरळ गेली. बाईंनी दोन्ही रेघा बराच वेळ पाहिल्या.

"औषध रक्तात हवं तेवढं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "झोपही आहे. तुमचे बाबा खूश आहेत, बाकी काही नाही."

आई खाली बघत होती. बटण बाबांकडे वळली. "मग बोलला का नाहीत, बाबा? तिथंच दाखवायचं ना!"

"दाखवणारच होतो. तोंडाशी आलं होतं." मास्तर बाही खाली करत होते. मनगटाचं बटण पटकन लागत नव्हतं. "मग मनात आलं, मागच्या वेळीही मला असंच, सगळं समजावून सांगावंसं वाटत होतं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

रस्त्यावर आल्यावर मास्तर म्हणाले, "चला, आता माझ्याकडे खूश असल्याचं डॉक्टरी सर्टिफिकेट आहे. तुमच्या दोघींकडे आहे का?" आणि हसले. मायलेकीही हसल्या, पण जरा उशिरा.

आई पुढे गेली तेव्हा त्यांनी बटणाची चाल पकडली. "एक सांगू? बरं केलंस. तू मागशील की नाही, याची मला धाकधूक असायची. आणि मी देईन की नाही, याची त्याहून जास्त." थोडं चालून म्हणाले, "दोन्ही टाके पक्के निघाले."

कोट झाला. डावा खांदा उतरता आहे हे कोणालाच कळलं नाही. मालकांनी पट्टी उलटसुलट करून बघितली, मास्तरांना पुन्हा मोठ्या टेबलाशी उभं केलं आणि नव्या कटरला त्यांच्या हाताखाली दिलं. त्यानंतर बटणाला कात्री आणखी एकदा मागावी लागली. त्या वेळी खरोखरच मागायला हवी होती. मास्तर खूप बोलले, ओरडले, तिला नाही नाही ते म्हणाले, शेवटी रडले. पण कात्री दिली. पाती स्वतःच्या मुठीत, मूठ तिच्याकडे. पुढे भिंतीकडे तोंड करून काढलेला एक हिवाळाही आला आणि गेला. अशी वर्षं गेली. घरात शीळ मात्र पुन्हा वाजली नाही. मास्तर शांत असायचे, एका लयीत, फार वर नाही, फार खाली नाही. आई शेजारणीला सांगायची, "आता कसे अगदी सरळ रेषेत आहेत."

ते गेले झोपेत. त्या दिवशी उन्हं वर आली तरी आई त्यांना उठवायला गेली नाही. छान झोप लागलीय, म्हणून ती निर्धास्त होती.

पुढे काही आठवड्यांनी बटण दुकानात गेली, त्यांचा चष्मा आणि कात्री आणायला. अंगात तोच राखाडी कोट होता. बाह्यांचे काठ विरले होते. मावशींनी तिला जवळ बसवून घेतलं. पाठीवरून हात फिरवला.

"दुकान कसं खायला उठतं बघ," मावशी म्हणाल्या. "काम होतं सगळं. पण शीळ नाही ना."

"शीळ?"

"म्हणजे काय! दिवसभर चालायची. मी काजं करायची ती त्या तालावर. ते थांबले की माझा टाका चुकायचा." मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. "का गं? घरी नव्हते घालत?"

बटणानं मान हलवली.

"हो, तेही खरंच," मावशी म्हणाल्या, जणू आता कुठे लक्षात आलं. "तू नाहीतर तुझी आई त्या कोपऱ्यावर दिसलात की थांबायचे. म्हणायचे, 'मावशी, तपासणी आली,' नि ओठ मिटायचे. आम्हाला वाटायचं, थट्टा करतायत."

एवढ्यात नवा कटर कात्री घेऊन आला. त्याला अजूनही सगळे नवाच म्हणत, जरी त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. पाती त्यानं मुठीत धरली होती आणि काळी मूठ तिच्याकडे केली होती.

तिनं कात्री घेतली. ती मोठ्या टेबलाच्या पलीकडे गेली आणि मास्तर उभे राहायचे त्या जागेवर उभी राहिली. लाकडावर खडूची पांढुरकी धूळ होती. समोर खिडकी, खिडकीबाहेर रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला कोपरा. तिथून तो स्वच्छ दिसत होता.

कोपऱ्यावरून कोणी एक बाई वळली. हातात पिशवी, अंग थंडीनं आखडलेलं. ती दारावरून पुढे जाईपर्यंत बटण तिच्याकडे बघत राहिली.